कंपनीला जेल कशी होणार? भोपाळच्या १७५० रुपयांपासून सुरुवात करूया

७ जून २०१० ला भोपाळच्या चीफ ज्युडिशियल मॅजिस्ट्रेट कोर्टाने गॅस दुर्घटनेचा निकाल दिला. युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीला दंड झाला ५,०१,७५० रुपये. पाच लाख समजू शकतो, पण त्यामागचे हे १७५० कुठून आले हा प्रश्न मला तेव्हा पडला होता आणि उत्तर मिळाल्यावर मी बराच वेळ सुन्न बसलो होतो. जुन्या भारतीय दंड संहितेत, म्हणजे १८६० सालच्या कायद्यात, कलम ३३६ होतं, दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं, त्याला जास्तीत जास्त दंड २५० रुपये. कलम ३३७, निष्काळजीपणाने इजा, ५०० रुपये. कलम ३३८, गंभीर इजा, १००० रुपये. बेरीज करा, १७५० होतात. पाच लाखांहून जास्त माणसांच्या फुप्फुसात, डोळ्यात तो वायू गेला आणि कायद्याच्या पुस्तकात त्या इजेची किंमत इंग्रजांच्या काळात छापलेली तीच होती.

माणसं मेली त्याबद्दल कलम ३०४-अ, निष्काळजीपणाने मृत्यू. जास्तीत जास्त दोन वर्षं. सात जणांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली, माणशी लाखभर दंड झाला आणि २५ हजारांच्या बाँडवर त्याच दिवशी जामीन मिळाला. सरकारने नंतर सुप्रीम कोर्टात सांगितलेला मृतांचा आकडा आहे ५,२९५, आणि भोपाळमध्ये वस्त्यांमधून काम करणारे लोक तो आकडा खूपच कमी आहे असं वर्षानुवर्षं सांगतायत.

हे असं का झालं, हे मला सोप्या भाषेत सांगायचंय. मी वकील नाही. कोकणातल्या एका एमआयडीसीत केमिकल कंपनीत अकरा वर्षं शिफ्ट केल्यात, त्यामुळे हा विषय मला कोर्टाच्या बाजूने नाही तर रिअॅक्टरच्या बाजूने कळला, आणि नंतर निकाल वाचत वाचत जमेल तसा समजून घेतला.

पहिली गोष्ट, कायद्याच्या नजरेत कंपनी म्हणजे "व्यक्ती" असते. तिच्या नावावर जमीन असते, बँकेत खातं असतं, ती करार करते, कोर्टात जाते, मालक बदलले, मेले तरी ती जगते. भागधारकाचे जेवढे पैसे शेअरमध्ये अडकलेत तेवढेच बुडतात, कंपनीच्या कर्जासाठी त्याच्या घरावर कोणी येत नाही. ही सोय चांगलीच आहे, ती नसती तर मोठे कारखाने उभेच राहिले नसते. पण गुन्हा झाला की अडचण सुरू होते, कारण आपला सगळा फौजदारी कायदा हाडामांसाच्या माणसाला समोर ठेवून लिहिलाय. त्याला अटक करा, उभा करा, त्याच्या मनात काय होतं ते शोधा, दोषी ठरला तर आत टाका. कंपनीला हातकड्या कुठे घालणार? अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या एका लॉर्ड चॅन्सेलरच्या नावावर एक जुनं वचन सांगतात, की कंपनीला लाथ मारायला शरीर नाही आणि नरकात पाठवायला आत्मा नाही, तिच्याकडून सदसद्विवेकाची अपेक्षा कशी करायची.

आपल्याकडे ही अडचण फार विचित्र थराला गेली होती. परकीय चलनाचा जुना कायदा होता, फेरा, १९७३ चा. त्यात असं होतं की घोटाळा एक लाखाच्या वरचा असेल तर किमान सहा महिने जेल आणि दंड, दोन्ही सक्तीचं. एक लाखाच्या आतला असेल तर जेल किंवा दंड, काहीही एक चालेल. आता स्टँडर्ड चार्टर्ड बँकेवर केस झाली तेव्हा बँकेच्या बाजूने युक्तिवाद असा की कायदा म्हणतो जेल द्याच, बँकेला जेल देता येत नाही, म्हणजे कायद्याने सांगितलेली शिक्षाच देता येत नाही, म्हणून बँकेवर खटलाच चालू शकत नाही. हे ऐकायला तर्कशुद्ध वाटतं पण त्याचा अर्थ बघा. कंपनीने ९० हजारांची लबाडी केली तर खटला चालणार आणि ९० कोटींची केली तर सुटणार! आणि २००३ मध्ये वेलियप्पा टेक्स्टाइल्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने जवळपास याच वाटेने निकाल दिलेला होता. शेवटी ५ मे २००५ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो बाजूला सारला आणि सांगितलं की कंपनीवर खटला चालेल, जेल देता येत नसेल तर नुसता दंड द्या. तोही तीन विरुद्ध दोन असा निकाल, म्हणजे एक न्यायाधीश इकडचा तिकडे झाला असता तर आजही मोठ्या गुन्ह्याला सूट असती.

मग दुसरा प्रश्न, मनाचा. फसवणुकीसारख्या गुन्ह्यात "फसवायचा इरादा होता" हे सिद्ध करावं लागतं. कंपनीला इरादा असतो का? याचं उत्तर देणारी केस आपल्या पुण्यातून, खडकीच्या कोर्टातून सुरू झाली. इरिडियम नावाचा सॅटेलाइट फोनचा प्रकल्प होता, मोटोरोलाचा, जगात कुठूनही फोन लावता येईल असं सांगून पैसे उभे केलेले, आणि तो प्रकल्प कोसळला. इथल्या इरिडियम इंडिया कंपनीने तक्रार केली की आम्हाला खोटं चित्र दाखवून गुंतवणूक करायला लावली. मुंबई हायकोर्टाने ती तक्रार रद्द केली, पण २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ती परत उभी केली आणि म्हटलं की कंपनीलाही गुन्हेगारी मन असू शकतं, जे लोक कंपनी चालवतात, ज्यांच्या हातात तिची सूत्रं आहेत, त्यांचं मन तेच कंपनीचं मन.

इथपर्यंत छान. पण आता उलट्या दिशेने या. साहेबाचं मन ते कंपनीचं मन, हे ठीक, मग कंपनी दोषी म्हणजे साहेब आपोआप दोषी का? नाही. २०१५ च्या जानेवारीत टूजी स्पेक्ट्रमशी जोडलेल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की नुसता चेअरमन आहे, डायरेक्टर आहे म्हणून त्याला आरोपी करता येणार नाही. एकतर त्याने स्वतः काय केलं याचा पुरावा हवा, नाहीतर त्या विशिष्ट कायद्यात तसं कलम हवं. असं कलम काही कायद्यांत आहे. चेक बाउन्सचंच घ्या, कंपनीचा चेक परत आला तर त्या वेळी कारभाराची जबाबदारी ज्यांच्याकडे होती तेही आरोपी होतात. म्हणून चेक बाउन्स झाला की डायरेक्टर धावत कोर्टात येतात, पण स्फोटात माणसं गेली की डायरेक्टरपर्यंत पोहोचायला वर्षं लागतात, कारण माणूस मरण्याचं कलम सर्वसाधारण दंड संहितेतलं आहे आणि तिथे डायरेक्टरला आपोआप धरणारं काही नाही. मला तत्त्व म्हणून हा निकाल चुकीचा वाटत नाही, कुणालाही नुसत्या पदासाठी तुरुंगात टाकू नये. पण कंपनीत "स्वतः काय केलं" हे शोधणं म्हणजे काय असतं ते आत काम केलेल्या माणसाला विचारा.

आमच्याकडे एका रिअॅक्टरला थंड ठेवणारा चिलर होता. तो वारंवार ट्रिप व्हायचा. नाइटला मी असताना लॉगबुकमध्ये लिहायचो, "चिलर बंद, टेंपरेचर वाढतंय, मेंटेनन्सला कळवलं." दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशी तेच. लॉगबुकच्या पानावर खाली तीन सह्यांच्या जागा होत्या, ऑपरेटर, शिफ्ट इनचार्ज, प्लांट मॅनेजर. माझी सही असायची, इनचार्जची असायची, मॅनेजरची आठवड्याला एकदम सात पानांवर एकाच पेनाने असायची. मॅनेजर वाईट नव्हता, तो वर मेल टाकायचा की नवीन कॉम्प्रेसर पाहिजे, परचेसवाले कोटेशन मागवायचे, अकाउंट्स म्हणायचं पुढच्या क्वार्टरला बघू, आणि मुंबईत बसलेल्या डायरेक्टरपर्यंत जो कागद जायचा त्यात "कॅपेक्स डिफर्ड", म्हणजे यंत्रांवरचा खर्च पुढे ढकलला, एवढीच ओळ असायची. एका रात्री व्हॉल्व्हमधून गरम माल उडाला आणि एका हेल्परचे दोन्ही हात भाजले. चौकशी झाली. कारवाईच्या कागदावर नाव कुणाचं आलं? फॅक्टरी मॅनेजरचं, ज्याने मेल टाकले होते त्याचंच. तेव्हा कुणाला काय माहीत होतं हे विचारलं असतं तर खरं उत्तर हे होतं की सगळ्यांना थोडं थोडं माहीत होतं आणि पूर्ण कुणालाच नाही. कंपनी नावाची गोष्ट माहिती अशीच टेबलाटेबलांवर वाटून टाकते, कुणी मुद्दाम ठरवलं नसलं तरी.

आता परत भोपाळकडे, कारण अख्खा खटला या "माहीत होतं का" वरच फिरला.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र. टाकी नंबर ६१०, आत ४० टनांच्या आसपास मिथाइल आयसोसायनेट, त्यात पाणी शिरलं, टाकी तापली, आणि वायू बाहेर पडला. हा माल थंड ठेवायचा असतो, पण थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन युनिट त्याच वर्षी बंद केलेलं होतं. वायू बाहेर पडायच्या आधी त्याला निष्प्रभ करणारा स्क्रबर स्टँडबायवर होता. जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर होता, पण त्याकडे जाणाऱ्या पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला. हे वाचताना मला माझं लॉगबुक डोळ्यासमोर येतं, कारण यातली एकही गोष्ट एका रात्रीत होत नाही, प्रत्येक बंद मशीनमागे कुणाचातरी निर्णय असतो, कागद असतो. आणि सूचना तर आधीपासून होत्या. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन नावाच्या विषारी वायूमुळे तिथेच एक कामगार गेला होता. मे १९८२ मध्ये कंपनीच्याच, अमेरिकेहून आलेल्या पथकाने प्लांटची तपासणी करून धोके लिहून दिले होते. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून छापत होते की हे शहर धोक्यात आहे.

सीबीआयने १ डिसेंबर १९८७ ला आरोपपत्र दाखल केलं, बारा आरोपी, कलम ३०४, म्हणजे सदोष मनुष्यवध. या कलमाचा दुसरा भाग असा की मारायचा हेतू नव्हता पण या कृत्याने माणूस मरू शकतो हे माहीत होतं, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. आणि ३०४-अ म्हणजे माहीतच नव्हतं, हयगय झाली, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. दोन कलमांमध्ये एका "अ" चा फरक, आणि आठ वर्षांचा.

मध्ये १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि त्या तडजोडीत फौजदारी खटलेसुद्धा गुंडाळले गेले होते, म्हणजे पैसे दिले की गुन्हाही मिटला. लोक रस्त्यावर आले, भोपाळच्या बायका दिल्लीपर्यंत गेल्या, आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने पैशाची तडजोड कायम ठेवून फौजदारी खटले परत जिवंत केले. त्या बायका नसत्या तर पुढचं काहीच झालं नसतं, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं.

मग १३ सप्टेंबर १९९६. खटला नीट उभा राहायच्या आधीच सुप्रीम कोर्टाने भारतीय आरोपींवरचा आरोप ३०४ वरून ३०४-अ वर आणला. कारण थोडक्यात असं की प्लांट सदोष होता हे धरून चाललं, तरी नुसता तो चालवणं किंवा त्यात माल साठवणं म्हणजे त्या रात्री माणसं मरतील हे आरोपींना माहीत होतं असं या कागदांवरून म्हणता येत नाही. इथे माझं मत ठाम आहे. "माहीत होतं" याचा अर्थ कोर्टाने त्या एका रात्रीपुरता घेतला. पण कारखान्यातली माहिती रात्रीची नसते, ती दोन-तीन वर्षांच्या फायलींमध्ये असते, आणि ती तपासायची जागा म्हणजे खटला, साक्षीपुरावा. तो होऊ द्यायला हवा होता. सीबीआयने २०१० मध्ये दुरुस्ती याचिका केली, म्हणजे सुप्रीम कोर्टाकडेच त्याचा जुना निकाल सुधारा अशी मागणी, चौदा वर्षांनी, आणि ११ मे २०११ ला ती फेटाळली गेली, इतका उशीर का याचं समाधानकारक कारण दिलं नाही असं कोर्ट म्हणालं. आणि २०१० च्या त्या मॅजिस्ट्रेटने दिलेली दोन वर्षं ही ३०४-अ ची जास्तीत जास्त शिक्षाच होती.

अमेरिकेतल्या मूळ कंपनीचं, युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनचं, तर वेगळंच. तिचे चेअरमन वॉरन अँडरसन ७ डिसेंबर १९८४ ला भोपाळला आले, अटक झाली, त्याच दिवशी २५ हजारांच्या बाँडवर सुटून सरकारी विमानाने दिल्लीला गेले आणि परत कधी आले नाहीत. २०१४ मध्ये फ्लोरिडात वारले, फरारी आरोपी म्हणूनच. मूळ कंपनीही फरारी घोषित झाली, १९९४ मध्ये तिने इथले शेअर विकले, २००१ मध्ये डाऊ केमिकलने तिला विकत घेतलं. माणूस फरार झाला तर त्याचा फोटो चौकीत लागतो, कंपनी फरार होते तेव्हा ती विकली जाते, नाव बदलतं, आणि नवा मालक म्हणतो हे आमच्या आधीचं आहे. डाऊचे वकील भोपाळच्या कोर्टात ऑक्टोबर २०२३ मध्ये उभे राहिले ते इथल्या कोर्टाला आमच्यावर अधिकारच नाही हे सांगायला. आणि युनियन कार्बाइड इंडिया म्हणजे कोण, तर आपल्या घराघरातल्या टॉर्चमध्ये जे लाल एव्हरेडी सेल असायचे ते बनवणारी कंपनी. माझे वडील भाताला पाणी लावायला रात्री जायचे तेव्हा हातात तीच बॅटरी असायची.

पैशाच्या शिक्षेचं काय होतं त्याचं एक उदाहरण, उपहार सिनेमा, दिल्ली, १३ जून १९९७, आगीच्या धुरात गुदमरून ५९ माणसं गेली. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही मालक भावांना सांगितलं की प्रत्येकी ३० कोटी भरा, मग आणखी तुरुंगात जायची गरज नाही. मुलं गमावलेल्या आईवडिलांनी फेरविचार मागितला तेव्हा २०१७ मध्ये एका भावाला उरलेलं एक वर्ष भोगायला लावलं, दुसऱ्याला वयामुळे सूट. दंड मोठा असला तरी ज्याच्याकडे आहेत त्याच्यासाठी तो खर्च असतो, आणि कंपनीला झालेला दंड तर शेवटी भागधारकाच्या, कधी कधी कामगाराच्या खिशातून जातो, ज्याने निर्णय घेतला त्याच्या खिशातून जाईलच असं नाही.

हे कोडं फक्त आपल्याला पडलं असं नाही. इंग्लंडमध्ये ६ मार्च १९८७ ला हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज नावाची फेरी बेल्जियमच्या बंदरातून निघाली तेव्हा तिचे पुढचे दरवाजे उघडेच राहिले होते, आत पाणी शिरून ती कलंडली, १९३ माणसं गेली. दरवाजे बंद आहेत की नाही हे कॅप्टनला दाखवणारा एक दिवा बसवा अशी मागणी कॅप्टन लोकांनी आधीच केली होती, कंपनीने मनावर घेतली नव्हती. खटला कोसळला, कारण सगळा दोष ज्याच्या डोक्यात एकत्र सापडेल असा एकही वरिष्ठ माणूस सापडेना. हुबेहूब माझ्या लॉगबुकची गोष्ट. शेवटी २००७ मध्ये त्यांनी कॉर्पोरेट मॅनस्लॉटरचा, म्हणजे कंपनीच्या हातून झालेल्या मनुष्यवधाचा, वेगळा कायदा केला, त्यात एका माणसाचं मन शोधत बसायची गरज नाही, वरिष्ठांनी कंपनी ज्या पद्धतीने चालवली ती पद्धतच घोर चुकीची होती का एवढं बघायचं. त्यातही जेल नाही, दंडच आहे, पण दंडाला वरची मर्यादा नाही. आपल्याकडे असा कायदा नाही आणि तो हवा असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे काय बदललं? भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कंपनीचा कारखाना असेल तर "ऑक्युपायर", म्हणजे कारखान्याचा शेवटचा जबाबदार माणूस, हा डायरेक्टरपैकीच कुणीतरी एक असला पाहिजे असं आलं, म्हणजे मॅनेजरच्या नावावर सगळं ढकलायची सोय कागदावर तरी कमी झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम आता १०६, आणि शिक्षा दोनावरून पाच वर्षांपर्यंत गेली. दुसरीकडे भोपाळनंतरच आलेल्या १९८६ च्या पर्यावरण कायद्यात जी पाच वर्षांपर्यंतची जेल होती ती २०२३ च्या जनविश्वास कायद्याने, ज्याने बऱ्याच कायद्यांतली जेल काढून दंड आणला, काढून तिथे १० हजार ते १५ लाख असा दंड आला, तो भरलाच नाही तर मग जेलचा विषय. एखादा फॉर्म उशिरा भरला म्हणून उद्योजकाला जेल नको हे मला पटतं. पण नदीत सोडलेलं पाणी आणि उशिरा भरलेला फॉर्म एकाच रांगेत बसवले जातात तेव्हा भीती वाटते.

डोंबिवली एमआयडीसीत २०१६ च्या मे मध्ये स्फोट झाला, २०२४ च्या मे मध्ये परत झाला. अशी बातमी आली की आपण मृतांचा आकडा आणि मदतीची रक्कम बघतो. त्यासोबत एफआयआरमध्ये कलम कोणतं लावलंय तेही बघा, १०५ की १०६. १०५ म्हणजे जुनं ३०४, पोलिसांचं म्हणणं आहे की यांना माहीत होतं. १०६ असेल तर हयगय. आणि १०५ लावलं असेल तर ते टिकायला कागद लागतात, मेंटेनन्सचे रजिस्टर, बायपास केलेल्या अलार्मची नोंद, वर टाकलेले मेल, आणि हे सगळं पहिल्या दोन-तीन दिवसांत जप्त झालं तरच मिळतं, नंतर ते कुठे जातं ते कुणी सांगत नाही. आमच्या हेल्परचे हात भाजले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर गेलो तर टेबलावर नवं कोरं लॉगबुक होतं, पहिल्या पानापासून सुरू, आणि जुनं कुठाय विचारल्यावर इनचार्ज माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते ऑफिसात घेऊन गेले."